‘संपलं की बसते’ म्हणू नकोस

रविवारी फोनवर तू सहज बोलून गेलीस, “ताई, दुपारी दोन तास झोपले गं, सगळा दिवस वाया गेला.” त्यानंतर आपण कितीतरी बोललो, पण माझ्या मनात तेवढंच अडकून राहिलं. पहाटे उठून डबे भरायचे, डोंबिवलीहून फोर्टपर्यंत उभ्याने जायचं, दिवसभर काउंटरवर माणसांशी गोड बोलायचं, संध्याकाळी तशीच चेंगरत परत येऊन पुन्हा ओट्याशी उभं राहायचं. हे सगळा आठवडा करणारी बाई रविवारी दोन तास झोपली, तर तिचा दिवस वाया कसा गेला? मला तर वाटतं, त्या दिवसातली तुझ्या खरोखर उपयोगी पडलेली वेळ तीच. म्हणून आज सविस्तर लिहायला बसले. फोनवर तू “हो गं, हो गं” म्हणतेस, तिकडे कुकरची शिट्टी होते आणि बोलणं तिथेच राहतं.

बाकी सगळं नंतर, आधी रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२. जिना चढताना धाप लागते, दुपारी तीनच्या सुमाराला डोळे मिटायला लागतात, बारीकसारीक गोष्टीवरून लेकावर ओरडायला होतं, हे तू गेले कित्येक महिने सांगते आहेस आणि दर वेळी त्यापुढे “मीच आळशी झालेय” असं जोडतेस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे तुझ्या लेडीज डब्यात निम्म्याहून अधिक जणी. त्यातल्या कितीतरी जणी तुझ्यासारख्याच स्वतःला दोष देत असतील. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखव, आपल्या मनाने गोळ्या घेऊ नकोस. थायरॉइडचं काम मंदावलं असेल तर कितीही झोपलीस तरी उठताना अंग जडच राहणार, त्यावर कुठलंही वेळापत्रक चालत नाही. आणि जेवण झालं रे झालं की तुम्ही बँकेत जो चहा घेता, तो तासाभराने घे. चहामुळे जेवणातलं लोह अंगी कमी लागतं. पालेभाजीवर लिंबू पिळलंस तर उलट ते जास्त लागतं. एवढं येत्या आठवड्यात कर. खाली जे लिहिलंय ते महिनाभराने केलंस तरी चालेल.

आता त्या ‘संपलं की बसते’बद्दल. ते आपण आईकडून उचललं. आई कधी बसायची, आठव बरं. सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर, तेही पुढ्यात तांदळाचं ताट घेऊन, खडे वेचत. नुसतं बसलेलं मी तिला पाहिल्याचं आठवत नाही. तिला कुणी तसं सांगितलं होतं असंही नाही. काम उरलेलं असताना बसलं तर ते चोरून बसल्यासारखं वाटतं, एवढं आतपर्यंत ते मुरलेलं होतं. आता ते तुझ्यात दिसतंय, आणि तू तर वर नोकरीही करतेस.

अगं, घरातलं काम संपत नसतं. ते तसंच असतं. सकाळची भांडी घासून पालथी घातली की दुपारची पडतात, कपडे वाळून त्यांच्या घड्या झाल्या की बादलीत दुसरे भिजतात. बँकेत संध्याकाळी हिशेब जुळला की दिवस बंद होतो. घरात असा हिशेब कधी जुळत नाही. मग ‘संपल्यावर’ बसायचं ठरवलंस तर बसण्याची वेळ येणार कुठून? तू कमी पडतेस म्हणून ती येत नाही असं नाही. ती वेळ तुझ्या दिवसात मुळात ठेवलेलीच नाही.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशभर पाहणी केली, लोक चोवीस तास कशात घालवतात याची. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. नीट बघ, पाच वर्षांत आपली दहा मिनिटं वाचली. मिक्सर, वॉशिंग मशीन, दारात येणारा किराणा, काय असेल ते. पण पुरुषांचीही नऊ कमी झाली. मधलं अंतर होतं तिथेच राहिलं, तीन तासांहून जास्त. शिवाय हे घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे आकडे. २०१९ मध्ये असे पुरुष शंभरात सव्वीसच निघाले होते. म्हणून सांगते, रात्री पाठ टेकताना ‘माझंच नियोजन चुकतं’ असं म्हणू नकोस. तुझं नियोजन उत्तम आहे. ओझंच जास्त आहे.

तू रोज गाडीतून परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा ओलांडतेस. त्या भागातल्या गिरण्यांत एके काळी आठवड्याची सुट्टीच नव्हती, उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचे संपादक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले. त्यांच्या मागण्या वाचल्या तेव्हा मला फार जवळच्या वाटल्या. रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विसावा हवा. गिरणी अमक्या वेळेला सुरू व्हावी आणि अमक्या वेळेला थांबावी. पगार महिन्याच्या ठरावीक तारखेपर्यंत व्हावा. सहा वर्षं ते हे मागत राहिले. १८९० मध्ये मोठी सभा झाली, तिच्यात दोन कामकरी बायकाही उभ्या राहून बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. दुसऱ्याच वर्षी कायद्याने बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली. अकरा तास म्हणजे काय थोडे झाले? पण मर्यादा तरी पडली.

या कामगारांनी ‘माल संपला की सोडा’ असं मागितलं नाही, हे मला त्यात मोठं वाटतं. गिरणीतलं सूत कधी संपतं का? त्यांनी वार मागितला आणि घटका मागितली. भोंगा झाला की साचा थांबणार, ताग्याचं कापड अर्धं राहिलं तरी. तुलाही असाच भोंगा हवा. रात्री साडेनऊ म्हणजे साडेनऊ. त्यानंतर ओट्यावर पातेली असली तरी ती सकाळपर्यंत तिथे राहतील. त्याने काही होत नाही.

त्या दोन बायका सभेत बोलल्या, त्यांना रविवार मिळाला. तो त्यांनी घरी कसा घालवला असेल, याचा मी खूप वेळा विचार करते. बहुधा आठवड्याचं धुणं धूत.

कारण आपल्याकडे सुट्टी बाईच्या वाट्याला येताना नेहमी तिच्याच कष्टातून येते. श्रावणातली शिळासप्तमी आठवते ना? त्या दिवशी चूल पेटवायची नाही, तिला थंड ठेवायचं, तिची पूजा करायची, सगळ्यांनी आदल्या दिवशीचं खायचं. चुलीला विसावा देण्याची कल्पना किती सुंदर. पण आदल्या दिवशी दोन दिवसांचं रांधायचं कुणी? चूल एक दिवस निवते आणि बाई आदल्या दिवशी दुप्पट तापते. तुझे रविवार अगदी असेच चाललेत. सोमवारपासून धावपळ कमी व्हावी म्हणून रविवारी इडलीचं पीठ, आठवड्याच्या भाज्या चिरून डबे, लसूण सोलून, खोबरं खवून, गणवेशांना इस्त्री. कागदावर ती तयारी छान दिसते. प्रत्यक्षात तू सातवा दिवसही कामावर जातेस, फक्त लोकल पकडत नाहीस.

त्यामुळे कामं पुढे-मागे सरकवून विसावा मिळेल असं मला वाटत नाही. काहीतरी खरंच सोडावं लागतं. आधी करून ठेवायचं नाही, नंतर भरून काढायचं नाही, सोडायचं. तुझ्या घरात मला काय सुटण्यासारखं दिसतं ते सांगते, राग मानू नकोस. रात्रीची पोळी-भाजी-आमटी-भात रोज लागत नाही. आठवड्यातल्या तीन रात्री एकाच भांड्याचं जेवण असू दे, खिचडी, धिरडी, थालीपीठ-दही, वरणफळं. चादरींना इस्त्री कशाला? सणाला घरचाच चिवडा, घरच्याच चकल्या हा हट्ट सोड. तुमच्या स्टेशनाबाहेरच्या गृहउद्योगवाल्या मावशीही कुणाच्या तरी घरच्याच आहेत, त्यांच्याकडून घे, त्यांनाही चार पैसे मिळतील. आणि लेकाच्या शाळेचा तो प्रोजेक्ट रात्री बारापर्यंत जागून तू करू नकोस. त्याचं वाकडंतिकडं त्यालाच चिकटवू दे.

काही कामं सुटत नाहीत, ती दुसऱ्याकडे जायला हवीत. इथे जरा थांबून लिहिते, कारण इथेच सगळं बिनसतं. तू नवऱ्याला ‘मदत कर’ म्हणतेस आणि तो करतोही, वाईट माणूस नाही तो. पण मदत म्हणजे काय, तर कांदे आण म्हटलं की कांदे आणतो. कांदे संपलेत हे लक्षात ठेवायचं तू, सांगायचं तू, किती ते ठरवायचं तू. हात त्याचे चालले, डोकं तुझंच चाललं. आणि तुझी दमणूक बरीचशी या डोक्याची आहे. म्हणून मदत मागू नकोस, अख्खं काम दे. किराणा आणि दूध हे त्याचं. म्हणजे डबे बघणं, यादी करणं, मागवणं, जागेवर लावणं, पैसे देणं, सगळं. लेकाची शाळा त्याची, दप्तर, डायरी, ग्रुपवरचे निरोप, पालकसभा, बसवाल्याचा फोन. एकदा दिलंस की मागून तपासायचं नाही. पहिल्या महिन्यात साखर संपेल, कधी चित्रकलेची वही घरी राहील. राहू दे. तू धावत जाऊन वाचवलंस तर ते काम संध्याकाळपर्यंत तुझ्याकडे परत येईल.

सासूबाईंशी मात्र वेगळं बोल, आणि नवऱ्याच्या आधी बोल. त्या टोकतात म्हणून तुला त्यांचा राग येतो, मला कळतं. पण त्यांचंही सगळं आयुष्य ‘संपलं की बसते’मध्ये गेलंय. सून दुपारी आडवी झाली की त्यांना खटकतं, कारण त्यांना कुणी कधी आडवं होऊ दिलं नाही. त्यांना सांग, “आई, रविवारी दुपारी आपण दोघीही पडू या. चहा पाचला हे करतील.” त्या आधी नको म्हणतील. दोन-तीन रविवार जाऊ दे. त्यांच्या गुडघ्यांना तुझ्याइतकाच विसावा हवाय, आणि एकदा त्यांना तो मिळाला की तुझ्या विसाव्याची त्याच राखण करतील. मी हे आमच्या घरात पाहिलंय.

रात्रीच्या फोनबद्दल तुला सगळे बोलतात, मी बोलणार नाही. अकरा ते साडेबारा तू अंधारात मोबाइल का बघत बसतेस ते मला ठाऊक आहे. दिवसातली तेवढीच वेळ कुणी तुला ‘आई’, ‘मॅडम’, ‘ऐकलंस का’ म्हणत नाही. ती सोडवत नाही, कारण ती तुझी एकटीची आहे. पण तिचं मोल तू झोपेने चुकवतेस. मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. तुला पाच मिळते, आणि मग रविवारी दुपारी दोन तास ती वसूल होते. म्हणून फोन बंद कर म्हणण्यापेक्षा मी म्हणेन, तुझी ती एकटीची वेळ लवकर आण. स्टेशनवर उतरल्यावर थेट भाजीवाल्याकडे न वळता अर्धा तास कुठेतरी बस. बाकावर, देवळाच्या पायरीवर, कुठेही. किंवा घरी आल्यावर दार लावून. त्या अर्ध्या तासात रील्स बघ, गाणी ऐक, काही करू नकोस, ती वेळ तुझी. संध्याकाळी पोट भरलं की रात्री एवढं हावरेपण राहत नाही.

दुपारच्या झोपेचंही एक गणित आहे. रोज मिळणार असेल तर वीस मिनिटं पुरे, तेवढ्याने डोकं हलकं होतं. तासभर लागली आणि मध्येच कुणी उठवलं तर अंग आंबतं, कारण आपण गाढ झोपेत गेलेलो असतो. चारनंतर मात्र पडू नकोस, रात्रीची झोप उडते. तसाच संध्याकाळी सहाचा कॉफीचा कप. त्यातल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीही अंगात असतं.

आणि दमणूक कशाची आहे ते बघून विसावा घ्यावा, सगळ्याला झोप हा उतारा नाही. दिवसभर उभी राहिलीस तर पाय भिंतीला लावून पड. दिवसभर माणसांशी बोललीस तर घरी आल्यावर थोडा वेळ कुणाशी बोलू नकोस, तसं घरच्यांना सांगून ठेव म्हणजे तू रुसलीस असं ते समजणार नाहीत. पण दिवसभर आकड्यांत डोकं घातलं असेल तर गाडीतल्या मैत्रिणींत जाऊन बस. चौथ्या सीटवर अर्धं टेकून मेथी निवडत तुम्ही ज्या गप्पा मारता, हळदीकुंकू करता, कुणाची बदली झाली की रडता, तो मला विसावाच वाटतो. हात चालतात आणि मन मोकळं होतं. त्या गाडीत बँकेच्या परीक्षेचे व्हिडिओ लावून बसणं मात्र थांबव. बढतीचा अभ्यास सकाळी डोकं ताजं असताना अर्धा तास केलास तर गाडीतल्या दोन तासांपेक्षा जास्त होईल.

एक गोष्ट हळूच विचारते. दमणं वेगळं आणि कशातच जीव न रमणं वेगळं. विसावा मिळूनही दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत राहिलं, झोप लागेना, खावंसं वाटेना, तर ते माझ्यापाशी बोल आणि डॉक्टरांपाशीही बोल. सरकारची ‘टेलि-मानस’ म्हणून सेवा आहे, १४४१६ वर कधीही फोन लावता येतो, मराठीतही बोलतात, पैसे पडत नाहीत. नंबर जवळ ठेव. तुला नाही लागला तर डब्यातल्या कुणाला तरी लागेल.

हे सगळं रोज जमेल असं मी म्हणत नाही. गणपतीचे दिवस, लेकाची आजारपणं, तुमचा मार्च एंड, तेव्हा कसला भोंगा आणि कसलं काय. ३१ मार्चला तुम्ही रात्री उशिरापर्यंत असता, १ एप्रिलला गिऱ्हाइकांना सुट्टी आणि तुम्ही आत हिशेब बंद करत. तेव्हा झेप घ्यावीच लागते, आणि तू ती छान घेतेस, तुझ्या कामाचा मला अभिमान आहे. पण त्या महिन्याची भरपाई त्याच्या पुढच्याच महिन्यात व्हायला हवी, दिवाळीपर्यंत लांबवायची नाही. तुम्हाला २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार मिळतो. दुसरा शनिवार कामांना दे, दातांचा डॉक्टर, गॅसची शेगडी, जे असेल ते. चौथा तुझा. त्या दिवशी घरातल्या कुणालाही तू कुठे जातेस याचं कारण द्यायचं नाही.

आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातल्या रजेचा अर्ज आत्ताच टाक. नंतर सगळ्यांच्याच मुलांना सुट्ट्या लागतात आणि तुझा नंबर मागे जातो. त्या रजेत लग्न नको, कपाटं आवरणं नको, पाहुणे नकोत. लेकाची परीक्षा झाली की त्याला माझ्याकडे पाठव, मी न्यायला येईन. इथे पोरांबरोबर तो हुंदडेल, आंबे खाईल, अंगावर सांडेल. तो जेवला का, झोपला का, हे विचारायला तू फोन करायचा नाहीस. रात्री नऊला मीच करीन.